बायजाबाई खिडकीशी उभ्या होत्या

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, वाचनालयाच्या ज्येष्ठ विश्वस्त आदरणीय विमलबाई शेडगे. प्रमुख पाहुणे दाजीसाहेब वाजे. सत्कारमूर्ती आणि माझे जवळजवळ चाळीस वर्षांचे स्नेही गुणाजीराव म्हात्रे. त्यांना न्यायला नागपूरहून आलेली त्यांची कन्या मालू. पेण-रोहा जॅझ श्रवण मंडळाचे हयात असलेले चार सभासद. आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून वेळेआधी येऊन बसलेल्या रसिक बंधू-भगिनींनो,

मी काळुराम मरवडे. मूळचा खांब गावचा, नोकरीनं रोहेकर, हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि मंडळाचा चिटणीस पहिल्या दिवसापासून आहे. या सभागृहात मी इतक्या जणांना निरोप दिला आहे की, काही माणसं मला रस्त्यात पाहून पलीकडून जातात. आजचं भाषण मात्र लांबेल. विमलबाईंनी चिठ्ठी पाठवली तर मी ती वाचीन, पण बसणार नाही.

गुणाजीराव आपल्याजवळच्या एकशे सेहेचाळीस रेकॉर्डी आज वाचनालयाला देत आहेत. लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, बिली हॉलिडे, चार्ली पार्कर. दाजीसाहेब मघाशी म्हणाले की हा परदेशी ठेवा आपल्या गावात कसा आला याचं नवल वाटतं. नवल कसलं? गुणाजीराव जिते गावाजवळच्या खाडीकाठचे. वडील मिठागरात राबायचे. हे एकविसाव्या वर्षी मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागले, बावीस वर्षं सात समुद्र फिरले. दुसरे खलाशी बंदरावर उतरून घड्याळं घ्यायचे, नायलॉनच्या साड्या घ्यायचे. गुणाजीराव काळ्या लोकांच्या वस्तीत जाऊन बाजा ऐकायचे आणि रेकॉर्डी घ्यायचे. शांतीवहिनी म्हणायच्या, "गो बाय, सगल्यांचे घो साड्या आनतान, माझा तवे आनतो."

प्रेम किती असावं? १९७१ साली आर्मस्ट्राँग गेले ती बातमी यांना जहाजावर कळली. यांनी दहा दिवस सुतक पाळलं. खलाशी हसले. हे म्हणाले, "हसा. माझा मोठा भाव गेलाय." पुढेही त्यांनी कधी आर्मस्ट्राँग म्हटलं नाही, लुईदादाच म्हणायचे. बिली हॉलिडे ही बिलीताई. तिचं गाणं लागलं की हे मान खाली घालायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मास्तर, बाई रडते तवा तिच्या तोंडाकडं बगू नये."

जहाज सोडून हे गावी आले आणि १९७९ साली आमचं मंडळ सुरू झालं. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी तीन, गुणाजीरावांची पडवी. आम्ही रोह्याहून आधी एसटीनं आणि मग रेल्वे आली तशी पॅसेंजरनं जित्याला उतरून चालत जायचो. रामवाडीचा जनू पाटील यायचा. तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि रेकॉर्डवर सिडनी बेशेचं क्लॅरिनेट ऐकून त्यानं एका वरातीत असा काही सूर ताणला की नवरदेवाचा घोडा उधळला. खोटं नाही, मला त्या घोड्याचा मालक भेटलेला आहे.

पहिल्या बैठकीला लोक बोलत बसले. भाताचा भाव, बदल्या, कुणाच्या पोरीचं लग्न. तिकडे एलिंग्टन आपला वाजवतोय आणि इकडे वरईची भाकरी कशी करावी यावर चर्चा. माझं डोकं फिरलं. मी मास्तर माणूस, मी नियम केला. सुई टेकली की बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, दाराला कडी. नियम पाळला जातो की नाही हे पाहायला खिडकीशी मी बसायचो. आणि त्या घरच्या बायकाही नियम शिकल्या. चहा झाला तरी त्या तबक घेऊन खिडकीबाहेर उभ्या राहायच्या आणि सुई उचलली की मगच आत यायच्या. पाहुण्यांना मी हे अभिमानानं सांगायचो. असे श्रोते मुंबईत तरी आहेत का, असं विचारायचो.

आता ज्यासाठी मी उभा आहे ते सांगतो.

समोर दुसऱ्या रांगेत, खांबाजवळ, हिरव्या लुगड्यातल्या बायजाबाई बसल्या आहेत. गुणाजीरावांचा धाकटा भाऊ शिवा, त्याच्या या पत्नी. खाडीवरच्या सगळ्या गावाला मी आमंत्रण दिलं होतं. गावातून या एकट्या आल्या. बाकीचे का आले नाहीत हे रोह्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, निदान ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. गुणाजीरावांना त्या गावात बाजावाला म्हणतात. भाऊ बुडत होता आणि हा बाजा ऐकत बसला, त्यासाठी यानं भावजयीला दारात तिष्ठत ठेवलं, अशी गोष्ट तिथं सांगतात.

१९९१ सालचा मे महिना. वैशाखातलं उधाण. गावातले बहुतेक पुरुष वऱ्हाडाबरोबर आमच्या खांबला गेले होते. खारपट्टीत राहणाऱ्याला सांगायला नको, पण इथं कंपनीवाले पुष्कळ आहेत म्हणून सांगतो. समुद्राच्या बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड पडली असं ऐकलं की ताटावरचा माणूस उठतो. पेंढा, चिखल, फळ्या, मिळेल ते घेऊन बांधावर धावतो, आणि माणसं जमेपर्यंत पहिला आलेला माणूस अंगानं पाणी अडवतो. त्या दिवशी पहिला आलेला शिवा होता. सोबत म्हातारा केरू. आणि माणसं आणायला बायजाबाई धावल्या. गावात एका ठिकाणी धडधाकट अकरा पुरुष बसले होते. आम्ही.

त्या खिडकीशी आल्या तेव्हा लुईदादाच्या रेकॉर्डचा दुसरा तुकडा नुकताच लागला होता. आत जेठ बसलेले. जेठापुढं आवाज चढवायचा नाही ही त्यांची रीत. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर." मी पाहिलं. मी असा हात वर केला, तळवा त्यांच्याकडे, आणि बोट ओठांवर ठेवलं.

गुणाजीराव, खाली बसा. मालू, बाबांना बसव. तुम्ही मला खूण करताय ती दिसते आहे मला.

त्यांच्या हातात तबक नव्हतं. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं होतं. हे मी पाहिलं. चहाचंच काही असेल, दूध नासलं असेल, असं मनाला सांगितलं आणि तोंड फिरवलं. त्या आणखी दोनदा "मास्तर" म्हणाल्या. मी वळलो नाही. तो ट्रम्पेट वर वर चढत होता आणि मला त्याचा एक कणही सोडायचा नव्हता. यापलीकडं दुसरं कारण नाही. बारा वर्षांत मी कुणाला बोलू दिलं नव्हतं, त्याही दिवशी दिलं नाही.

नंतर मी घड्याळ लावून मोजलं. त्या जागेपासून बाजू संपेपर्यंत अकरा मिनिटं होतात.

सुई उचलली. मी कडी काढली आणि बायजाबाईंना काय विचारलं सांगू? विचारलं, "चहा आणताय ना?"

त्या म्हणाल्या, "बांधाला खांड पडलीय. ते एकटेच पान्यात हायत."

अकराच्या अकरा जण धावलो. गुणाजीराव सगळ्यांच्या पुढं, अनवाणी. पोचलो तेव्हा खांड बैलगाडी जाईल एवढी झाली होती आणि पाणी आत शेतात पडत होतं. केरू बांधावर पेंढ्याची पेंढी छातीशी धरून उभा होता. तो सारखा एकच म्हणत होता, "आत्ताच गेला. आत्ताच. हितंच होता." शिवा दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला. शेतं तीन वर्षं खारी राहिली.

विमलबाई, चिठ्ठी मिळाली. क्षमस्व. अजून थोडं आहे.

देवळात गाव बसलं. पंचांनी विचारलं, बाईला कुणी थांबवली? मी तिथंच, खांबाला टेकून होतो. बायजाबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. त्या तोंड उघडणार इतक्यात गुणाजीराव उठले आणि म्हणाले, "घर माझा, बाजा माझा, नियम माझा. मीच थांबवली." खरं म्हणजे ते खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून बसले होते. बायजाबाई आल्या हे त्यांना कळलंदेखील नव्हतं. पण जेठ बोलले, त्यावर बायजाबाईंनी तोंड उघडलं नाही. चोवीस वर्षं उघडलं नाही.

परत येताना मी यांना विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "तुम्ही पाव्हणे, मास्तर. घरी आल्याल्या मानसाच्या माथी मारू?" आणि मित्रहो, मला बरं वाटलं. सांगताना जीभ जड होते, पण त्या वेळी स्टेशनपर्यंत चालताना मला हलकं वाटलं होतं. रोह्यात माझी नोकरी होती, अब्रू होती, पोरांना शिस्त शिकवायची होती. मी गप्प राहिलो.

मग काय झालं? गावानं यांच्याकडचं पाणी सोडलं. लग्नाकार्याची बोलावणी बंद. दरवर्षी त्या तिथीला सगळं गाव बांधावर जाऊन शिवाच्या नावानं नारळ सोडतं. सख्ख्या भावाला तिथं पाय ठेवू देत नाहीत. शांतीवहिनी गेल्या तेव्हा खांदा द्यायला गावातलं कुणी आलं नाही. आम्ही चौघं सकाळच्या गाडीनं गेलो. एक खांदा माझा होता. मेलेल्या बाईला खांदा दिला, पण तिच्या नवऱ्यावरचा आळ उतरवायला माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर हे लोक ते संगीत कसं ऐकू शकले? मलाही असं सांगायला आवडलं असतं की त्यानंतर मी जॅझ सोडला. नाही सोडला. तीन वर्षांनी यांनी रेकॉर्डींचा पेटारा उघडला, आणि मी पहिल्याच बैठकीला हजर होतो. दाराला कडी नव्हती, नियम यांनी मोडून टाकला होता. मी म्हटलं, तुम्हाला याचा तिटकारा येत नाही? म्हणाले, "बाजा काय करील त्यात? त्या मानसांनी किती सोसून वाजवलाय त्यो. आपल्या पापाचा खापर त्यांच्यावर कशाला?" आपल्या म्हणाले. तुमच्या म्हणाले नाहीत. मी घरी येऊन जेवलो नाही, एवढंच काय ते प्रायश्चित्त. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. तीच रेकॉर्ड लागली तरी अंगावर काटा येतो, आणि तो लाजेचा की आनंदाचा हे मला सांगता येत नाही. प्रेम निर्लज्ज असतं, मंडळी.

उद्या हे मालूबरोबर नागपूरला जातात. एक्क्याऐंशीचे आहेत, परत येणार नाहीत. म्हणून मागच्या आठवड्यात मी बायजाबाईंकडे गेलो. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही ओरडला का नाहीत? त्या म्हणाल्या, "तुमी हात केलाव ना. मला वाटला, तुमी आयकलाव. आता उठताव, आता उठताव, म्हनून उभी व्हते." मी रविवारी समारंभाला या म्हटलं आणि उठलो.

तर सर्वांसमक्ष सांगतो. बायजाबाईंना मी थांबवलं. गुणाजीराव म्हात्रे यांचा त्यात तिळमात्र दोष नाही. हे इतिवृत्तात लिहावं. मी चिटणीसपद सोडतो आहे, तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी लिहावं. चिटणीस म्हणून माझ्यासाठी आणलेली ही शाल आणि श्रीफळ मी घेणार नाही.

आता आभार. सभागृहाबद्दल वाचनालयाचे, वेळात वेळ काढल्याबद्दल दाजीसाहेबांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्या सखाचे आणि...

काय म्हणालात बायजाबाई? बसून बोला. सखा, त्यांच्याकडं माईक... नको? बरं, नको. थोडं मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. त्या म्हणतात, "हितं रोह्याच्या लोकांपुढं बोलून काय व्हतंय, मास्तर? हितं कोन आमच्यातला हाय? बांधावर या. गाव गोला करते. भावजींना घेवन या नि तिथं बोला."

खरं आहे. मी इथं टाळ्यांच्या गावात बोललो. तिथं बोलायची मला भीती वाटते, आणि ही भीती चोवीस वर्षं जुनी आहे. माझ्या बोलण्यात जे कमीजास्त झालं असेल त्याबद्दल या सभेकडं मी काही मागत नाही. मागायचं ते तिथं मागीन. द्यायचं की नाही हे गाव ठरवील.

मालू, तुमची नागपूरची गाडी उद्या संध्याकाळची आहे ना? मग सकाळच्या पॅसेंजरनं मी बाबांना जित्याला घेऊन जातो. बायजाबाई म्हणतात, भरती पावणेअकराला आहे, त्याच्या आत पोचायला हवं.