तीन भोकांचं ऑपरेशन

...आणि वर मलाच विचारतात, "एवढंच?" अरे, एवढंच म्हणजे काय? मी काय कलिंगड हाय, मधोमध चिरायला? तुम्हाला सांगतो, मी गुणाजी, नागावचा पाडेली. सारा जन्म लोकांच्या वाडीतले नारळ पाडण्यात गेला, बिड्या ओढण्यात गेला आणि... थांबा हां, दम घेतो.

हां. तर बिड्यांनी फुप्फुसाला फुगे आलेले. त्यातला एक फुटला, हवा छातीत भरली, फुप्फुस चेपून बसलं आणि मी वाडीतच आडवा! मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, दुर्बिणीतून करू, मोठं कापायचं नाही." बगलेखाली तीन भोकं पाडली, त्यातनं कॅमेरा काय घातला, कात्री काय घातली... फुटका भाग काढला, शिवला, फुप्फुस परत फुगवलं. वाचलो! पण डॉक्टर म्हणतात कसे, "उरलेलं फुप्फुस जुनंच आहे. आता माड विसरायचा." विसरायचा? माड म्हणजे काय छत्री हाय, एसटीत विसरायला?

घरी आलो, तर सारी आळी बघायला हजर, बिस्किटांचे पुडे घेऊन. सदरा वर केला. शेजारचा भागोजी चष्मा लावून वाकला... "एवढंच? माझ्या हर्नियाला केवढं चिरलेलं, बघ!" आणि लेंग्याची नाडी सोडायला लागला हो, बायकांसमोर! होमस्टेवाली नेत्रा तर म्हणाली, "अय्या, एवढंच? मग काका, शनिवारी या ना, पाहुण्यांना शहाळी हवीत." म्हटलं, डॉक्टर नको म्हणतात. तर म्हणे, "डॉक्टर काय, असंच म्हणतात हो!" थांबा हां, दम घेतो...

खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं, एवढंच तर हाय! गेलो. पायात दोरी घातली, कमरेला कोयता लावला. पुरुषभर उंचीपण न्हाय चढलो... आणि संपलं. श्वासच येईना. माडाला मिठी मारून तसाच राहिलो, उतरायलाही दम न्हाय. खाली आमची ठमी, माझी बायको, माझे पाय धरून उभी. ओरडली न्हाय, शिव्या दिल्या न्हाईत. नुसती म्हणाली, "या खाली. मी धरलंय." रडलो हो मी, तिथंच, माडाला धरून.

दुसऱ्या दिवशी ठमीनं आळीभर सांगितलं, "एवढंच काय? पाठीवर हातभर चिरलंय! दाखवत न्हाईत, दृष्ट लागते." झालं! सगळ्यांना एकदम पटलं. तेव्हापासून एवढ्या उकाड्यात मी सदरा घालून बसतो.

काल भागोजीकडं चहाला बसलेलो. तो चारचौघांना सांगत होता, "गुणाजी काय चढायचा! वाऱ्यानं माड हलायचा, पण हा गडी न्हाय हलायचा!" चढायचा म्हणे... आणि मी तिथंच, त्याच्या मांडीला मांडी लावून! तोंडावर आलेलं, अरे, मेलो न्हाय अजून. पण बरोबरच बोलत होता की तो. कपातला चहा कडकडीत होता. सगळे फुंकून फुंकून प्यायले. मी फुंकर कुठनं आणू? निवायची वाट बघत बसलो.