एका शेजाऱ्याची सही

एक सही हो! फक्त एक! कोणाची किडनी मागितली नव्हती, मुलगी मागितली नव्हती... 'हे गृहस्थ इथे राहतात, मी यांना ओळखतो' एवढं लिहून खाली एका शेजाऱ्यानं सही ठोकायची, की माझा पासपोर्ट मोकळा! आणि तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी त्या इमारतीत राहतोय, चौथा मजला, डावीकडचं दार, आणि मला ओळखणारा माणूस... नाही! बरं, मी भांडखोर म्हणाल तर तेही नाही. कोणाशी कधी भांडलो नाही. भांडणार कसा? बोललोच नाही! यात माझं काय चुकलं, सांगा!

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना 'हे दिसतं का, आता दिसतं का, आता बरं की मघाशी बरं' विचारून घसा बसतो. मग घरी येताना जिन्यात कोणी 'काय, आलात का?' विचारलं तरी अंगावर काटा येतो. आलोय, दिसतोय, अजून काय सांगू! म्हणून मी आपली एक पद्धत ठेवली होती. बाहेर पडायच्या आधी दाराच्या भिंगातून बघायचं, जिना रिकामा झाला की सटकायचं. लिफ्टमध्ये कोणी असलं की फोन कानाला, पलीकडे कोणी नसलं तरी 'हो हो, बघतो बघतो'... एकदा कानाला लावलेला असतानाच वाजला मेला, पण ते जाऊ दे. शेजारपाजार सगळा बायकोकडे होता.

आणि बायको महिनाभरापूर्वीच गेली मुलीकडे, परदेशात. मुलीचं पहिलंच बाळंतपण, तीन आठवड्यांवर आलंय. पंधरवड्यापूर्वी तिचा फोन, 'बाबा, तुम्ही पण या ना. मला भीती वाटतेय.' लहानपणी झुरळ हातात धरणारी मुलगी हो ती! त्याच दिवशी पासपोर्टचा अर्ज टाकला. आणि आज सकाळी पडताळणीवाल्या साहेबांचा फोन, 'चार वाजता येतो, शेजारी तयार ठेवा. नसेल तर अर्ज रद्द. पुन्हा पहिल्यापासून, दोन महिने.' दोन महिने! तोवर नातवंड मान धरायला लागेल!

गेलो समोरच्या दाराशी. दार उघडलं, जाड काळी फ्रेम, डावी काडी सैल. माझी माणसं ओळखायची रीत तीच. 'कोण हवंय?' म्हटलं, 'मी समोरचा.' 'समोर तर वहिनी राहतात.' म्हटलं, 'मी त्यांचा नवरा.' त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणतात, 'पण वहिनींचे मिस्टर तर गेले ना?' 'कुठे?' 'कुठे काय... गेले!' आणि वर मलाच सांगतायत, 'एकटीनं सगळं ओढतात हो बिचाऱ्या! गेल्या वर्षी लिफ्ट बंद होती, तर त्यांचा फ्रिज आम्ही दोघांनी वर चढवला.' अहो, मी तेव्हा घरातच होतो! भिंगातून बघत होतो! पण हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं? यात माझं काय... बरं, इथे थोडंसं चुकलं असेल.

दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. त्यांनी मला उजेडात उभं केलं आणि म्हणाले, 'नाही, हे तोंड मी पाहिलेलं नाही.' झालं! चार वाजले. साहेब आले, फाईल काखेत. 'शेजारी?' मी घामाघूम. 'येतायत' म्हणत तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभा, आणि माझ्या बरोब्बर खालचं दार उघडलं. काठी टेकत एक बाई. शाळेत गाणं शिकवायच्या, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी विचारलं, 'यांना ओळखता?' बाई म्हणाल्या, 'चेहरा नाही ओळखत.' साहेबांनी फाईल मिटली. 'पण थांबा! याला वर जाऊन चालायला सांगा. चपला घालून.'

गेलो वर. मुलीसाठी माणूस काय काय करतो! आता साहेब ऐकतायत म्हणून मी आपला हळूहळू, सभ्य माणसासारखा चाललो. खालून छताला काठी, ठक ठक! 'हा तो नव्हे! रोजच्यासारखं चाल म्हणावं!' मग लाजच सोडली. चपला फटकावल्या, खुर्ची फरफटत ओढली, बादली आपटली, आणि न्हाणीघरात नेहमीचं ते एक गाणं म्हटलं. आणि खालच्या खिडकीतून आवाज, 'तोच! दुसऱ्या ओळीला सूर सोडला! अकरा वर्षं तिथेच सोडतोय!'

धावत खाली आलो. बाई अर्ज भरत होत्या. 'कसे ओळखता' या रकान्यात लिहून झालं होतं, 'पावणेसातला उठतो. खुर्ची उचलत नाही, ओढतो. गेल्या आठवड्यात तीन दिवस खोकत होता. बायको गेल्यापासून गात नाही.' साहेब म्हणाले, 'एवढं तर माझ्या बायकोला माझ्याबद्दल ठाऊक नाही,' बाईंची सही घेतली आणि मारला शिक्का.

 म्हटलं, 'बाई, फार त्रास दिला. आजपासून आवाज नाही.' चपला हातात घेऊन अनवाणी वर आलो. खुर्ची अलगद उचलली, अलगद ठेवली, बसलो. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! दहा मिनिटं झाली नसतील, ठक ठक ठक! खालून काठी! 'अहो वरचे! आवाज का नाही? पडलात का कुठे? थांबा, येते वर!' आणि गुडघे धरून बाई खरंच जिना चढायला लागल्या हो!

मग काय करता... घातल्या चपला आणि सुटलो फटक फटक. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला उठून खुर्ची ओढतोय. पाठ गेली... पण खालून काठी येत नाही, म्हणजे बाई निवांत आहेत.