एक काडी, एक पान

अरे, शाळेच्या प्रोजेक्टचं नाव नको काढूस माझ्यासमोर. मागच्या वर्षी आमच्या सईला विषय दिला होता, 'जंगलातल्या दोन कीटकांची तुलना'. बाकीच्या आईबापांनी जेसल पार्कमधल्या स्टेशनरीवाल्याकडून तयार चार्ट उचलला, फुलपाखरू आणि मधमाशी. मलाच नको ते शहाणपण सुचलं. म्हटलं, काशिमिऱ्याच्या पलीकडे एवढं जंगल पडलंय, चल, स्वतः बघू.

पोरीने अख्खी सकाळ झुडपांत डोकं घालून दोन किडे शोधले. एक काडीकिडा, आणि एक हुबेहूब पानासारखा दिसणारा हिरवा नाकतोडा. घरी येऊन दोघांची चित्रं काढली आणि खाली लिहिलं, "हात लावला की हा मेल्याचं सोंग घेतो, तो उडी मारून पळतो."

मॅडमनी वर्गासमोर कागद उंच धरला. "एक सुकी काडी, एक पान. इन्सेक्ट कुठेय?" सगळी पोरं खो खो हसली.

मी शाळेत गेलो. म्हटलं, "मॅडम, पाय तरी बघा ना त्यांचे!" तर मलाच म्हणतात, "सर, थोडी मेहनत घ्यायची ना. बाकीच्या पेरेंट्सनी बघा किती कलरफुल आणलंय."

यंदा परत तोच विषय आला. मी विचारलं, "सई, रविवारी जाऊया जंगलात?"

तिने मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही. "कशाला, पप्पा? फुलपाखरू आणि मधमाशी. दोनच किडे असतात जंगलात."