शेवंताच्या नावाची वाटी

"वाटी रिकामी परत करू नकोस, पोरी. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घाल. पण रिकामी नको!"

हा आवाज गोदाक्कांचा. इचलकरंजीतल्या एका सासूचा. शेवटच्या दुखण्यात त्यांनी दोन्ही सुनांचे हात हातात घेतले आणि हे सांगितलं. थोरली शेवंता नुसती रडली. धाकटी मंदा म्हणाली, "शब्द देते, आक्का."

आता मंडळी, मला सांगा. शेजारी कुणी आजारी पडलं तर आपण पेज घेऊन धावतो. पण शेजारी फोडणी छान बसली, की आपल्या पोटात का दुखतं? दुसऱ्याच्या दुःखात बसायला जागा होते, सुखात का होत नाही? हसू नका! ऐका.

दोन भाऊ, मध्ये ओसरीसारखा एक सोपा, दोन चुली. दर शनिवारी दोन्ही घरं मिळून हमरस्त्यावरच्या धाब्यावर जायची. अख्खा मसूर, गरम रोटी, बुक्कीनं फोडलेला कांदा! पण पुढं भावांचे यंत्रमाग थंडावले, पैसा आटला. त्यात शेवंताच्या लेकीला, वृषालीला नर्सिंगला जायचं होतं. शेवंता म्हणाली, "आता धाब्यावर जाणं बंद. धाबाच घरी आणते!"

आणि आणला हो तिनं! मसूर भिजवला, कांदा काळपट होईस्तोवर परतला, शेवटी वाटीत निखारा ठेवून वर तुपाची धार — आणि झाकण! वास सोपा ओलांडून थेट मंदाच्या घरात. पाठोपाठ शेवंताच्या हातची भरली वाटीही आली. मंदाचा नवरा बाळू, भोळा जीव, बोटं चाटत म्हणाला, "अगं, धाब्यापेक्षा भारी! वहिनीला विचारून घे की जरा."

झालं! बायकोसमोर दुसरीच्या स्वयंपाकाची स्तुती? त्यापेक्षा विंचवाच्या बिळात बोट घालावं! पुरुष मंडळी, घरी जपून बोला बरं.

मंदानं विचारलं. शेवंतानं सगळं सांगितलं, निखाऱ्यासकट. पण मत्सराला सरळ उत्तर पचत नाही. "काहीतरी लपवलंच हिनं!" मग मंदानं गुरुवार धरला. मागणं काय? "देवा, माझा मसूर तिच्यापेक्षा सरस होऊ दे!" अहो, नेम-व्रतं मीही करते. देवापाशी कुणी मोक्ष मागतं, कुणी मूल मागतं — मसूर मागणारी हीच!

त्या गुरुवारी मंदानं मसूर रांधला. नैवेद्याचं म्हणून चाखायचं नाही. रीतच आहे ती. पण मन थाऱ्यावर कुठं? कान पलीकडच्या चुलीकडे! मीठ एकदा पडलं, पुन्हा पडलं. आधीच कांदा-लसणाचा नैवेद्य, त्यात खारट! मत्सराला कसलं आलंय सोवळं? देवानं गिळला असेल, त्याला सवय आहे. बाळूनं मात्र पहिल्याच घासाला तांब्या तोंडाला लावला आणि विचारलं, "वहिनीकडची वाटी नाही आली का गं आज?"

दुपारी नळावर मंदाचं तोंड सुटलं. "घरी कुठली करतीय ती! धाब्यावरनं आणते, मागल्या दारानं. आणि वर काटकसरीचा आव!"

नळाला पाणी यायच्या आधी बातमी घरोघर! दिवेलागणीला सोप्यापलीकडून थोरल्या दिराचा, शेवंताच्या दत्तोबांचा आवाज आला.

"पोरीच्या फीला पैसे नाहीत म्हणतेस, आणि धाब्यावर उधळतेस?"

"देवाशपथ, घरीच करते हो!"

"मग नळावरच्या बाया खोट्या? राहू दे ते कॉलेज. बसू दे पोरगीला घरी!"

आणि मग वृषालीचा हुंदका.

मंडळी, मंदाला हेच हवं होतं ना? शेवंता खाली आली ना? मग हिच्या हातातली काडी समईपाशीच का थांबली?

ती उठली. फडताळ उघडलं. मागे दडवलेली वाटी काढली. भरून देववेना म्हणून परतच न केलेली! काठावर गोदाक्कांनी कोरून घेतलेलं नाव — शेवंता. मंदानं साखरेचा डबा उघडला, चिमूट घेतली... आणि परत डब्यात टाकली. खोट्यावर साखर पेरून कसं भागेल?

माझ्या मायबहिणींनो, रागावू नका, विचारते. तुमच्या फडताळात कुणाच्या नावाची वाटी आहे? कुणाचं गोड खाल्लं आणि नळावर तिचंच कडू केलं? देवापुढे रोज ताट वाढतो आपण. तो काय ताटच बघतो? वाढणारा हात नाही बघत?

मंदानं पातेल्यातला दुपारचा मसूर घेतला. स्वतःचा, बिघडलेला, खारट. वाटीत काठोकाठ भरला.

"कुठं निघालीस?" बाळूनं विचारलं.

"भाऊजींना चव दाखवायला. थोरलीनं शिकवलं ते घरी करून बघितलं, मला नाही जमलं. तिला जमतं. नळावर मी खोटं बोलले, तेही सांगते."

तिनं डोक्यावर पदर घेतला, वाटी दोन्ही हातांत धरली, आणि सोपा ओलांडायला निघाली. हळूच. सांडू नये म्हणून.