तांदळातलं नाव

घोडेगावच्या एसटीत सोनीबाईच्या पुढच्या सीटवर एक सासू आपल्या पाँडिचेरीच्या होणाऱ्या सुनेशी बोलत होती.

“लग्नात माझा मोहित ताटातल्या तांदळात तुझं नवं नाव लिवंल. कोणतं ठिवायचं?”

“आई, आमच्या खापरपणजोबांनीपण नाव बदललं होतं. फ्रेंचांच्या राज्यात फ्रेंच आडनाव घेतलं.”

“मंग जुनं काय व्हतं?”

“तेच बाबा आयुष्यभर शोधतायत.”

“आगं बाई! कुनालाच ठावं न्हाई?”

“कुणालाच नाही.”

“मंग ऱ्हाऊ दे तुझं एलीझच. उद्या तुझी नातवंडं कुटं हुडकत बसतील?”

“आणि तांदळात?”

“तांदळातबी एलीझच लिवंल की! त्याला आदी नीट लिवायला शिकीव.”

सोनीबाई न राहवून पुढं वाकली.

“पोरी, माझं माहेरचं नाव चिमा व्हतं.”