घरट्यात ओतलेलं तीर्थ

(गोजाबाईच्या घराचा उंबरा. सकाळची वेळ.)

सावित्रम्मा : दार लोटू नकोस गं. अशी जवळ ये, बस माझ्यापाशी. एक आख्यान सांगते. ऐक, आणि मग खुशाल हाकलून दे.

गोजाबाई : आख्यान मठात ऐकायचं असतंय, अव्वा. आन मठाची पायरी चढायची मला लाज वाटती आता.

सावित्रम्मा : म्हणून तर तुझ्या दारी आणलंय. एक होता शिवभक्त...

गोजाबाई : राजा न्हाय न्हवं? राजाच्या गोष्टीत चुकतोय राजा, आन डोस्कं जातंय परधानाचं.

सावित्रम्मा : राजा कसला, पेन्शनर! तोंडानं कडक, आतून लोणी. त्याच्या दारात कडुनिंब, आणि निंबाच्या खोडाला बांधलेला नेचा. कुंडी नाही, माती नाही. राहायचं झाडावर, पण झाडाचं काही खायचं नाही. पानं अशी गोल उभी, जसं पाखराचं घरटं. सोलापूरच्या उन्हात तो जगावा म्हणून रोज एक बाई यायची...

गोजाबाई : बाईचं नाव सांगा की.

सावित्रम्मा : सांगते. गोजाबाई. मुळांवर पाणी शिंपायची, मधल्या घरट्यात थेंब जाऊ द्यायची नाही.

गोजाबाई : जीव तितंच असतोय त्येचा. कोंब तितनंच निगतोय. तितं पाणी साचलं की कुजला.

सावित्रम्मा : श्रावण आला. भक्तानं पंचामृताचा अभिषेक मांडला. दूध, दही, तूप, मध, साखर, वर बेलाची पानं. आता तीर्थ ओतायचं कुठं? पायदळी तर जाता कामा नये. भक्ताला वाटलं, जमिनीला न टेकलेलं हेच एक झाड...

गोजाबाई : थांबा. त्या घरट्यात?

सावित्रम्मा : स्टुलावर चढून गं! कुणाला न सांगता. बोललं की पुण्य कमी होतं ना.

गोजाबाई : आगं आई! मुंग्या लागल्या तवाच मी म्हणलं हुतं, आप्पा, ह्येला आंबूस वास येतोय. तर म्हणले, तुझ्या बादलीचा असंल.

सावित्रम्मा : नेचा काळा पडला. आणि कीर्तन सुटल्यावर, भर मठात, भस्माच्या कपाळानं भक्त म्हणाला, हिनं भांड्यांचं साबणाचं पाणी ओतलं.

गोजाबाई : त्या दिसापास्नं दुसऱ्या कामावरच्या डॉक्टरीणबाईबी माजी बादली हुंगून बगत्यात, अव्वा. झाडाला पाणी घालायच्या आदी. त्या हुंगत्यात, आन मी हुबी ऱ्हाती.

सावित्रम्मा : अय्यो शिवा... काल मी कुजका गाभा उपसला. आतून बेलाची पानं निघाली. ताटलीत घालून आमच्या ह्यांच्यापुढं ठेवली. हातातला घास हातातच राहिला. आज गळ्यातलं इष्टलिंग पूजेला तळहातावर घेतलं, आणि तसंच परत गळ्यात बांधलं. म्हणाले, याच हातानं मी त्या बाईकडं बोट दाखवलं.

गोजाबाई : मग आख्यान तुमी का सांगताय? त्येंच्या तोंडाला काय झालंय?

सावित्रम्मा : नळापाशी बघ.

गोजाबाई : ती छत्री? ऊन न्हाय, पाऊस न्हाय!

सावित्रम्मा : तोंड झाकायला धरलीय. अहो! या इकडं. नळाची राखण किती वेळ करणार?

वीरभद्रप्पा : गोजाबाई...

गोजाबाई : छत्री मिटा आदी.

वीरभद्रप्पा : मिटली. चुकलो म्हणायला आलोय. पण बोललो लोकांत आणि चुकलो म्हणायचं कोपऱ्यात, हे काही खरं नाही. सोमवारी मठात बुवा उभे राहायच्या आधी मी उभा राहतो.

गोजाबाई : आन काय सांगनार?

वीरभद्रप्पा : ओतलं मी, आणि नाव हिचं घेतलं.

गोजाबाई : गोजाबाईचं म्हणा. त्या दिशीबी नुसतं 'हिनं' म्हणला हुता.

वीरभद्रप्पा : गोजाबाईचं नाव घेतलं.

गोजाबाई : नेचा कसा हाय?

वीरभद्रप्पा : गेला. खोडाला नुसती काळी पट्टी उरलीय. आज सोडून टाकतो तीही.

गोजाबाई : हात लावू नका तिला! कशाची हाय, ठावं हाय का?

वीरभद्रप्पा : चिंधीच असेल एखादी.

गोजाबाई : घोंगडी हाय. माज्या धन्याची. लोकर पाणी धरून ठेवती, म्हणून अंगावरची फाडून त्येनं नेचा बांदला. फुडच्या थंडीला त्यो न्हाई ऱ्हायला. रोज मी त्या पट्टीवर पाणी शिंपीत हुती, आप्पा. त्येच्यावर मी साबण ओतीन व्हय?

वीरभद्रप्पा : ...मला हे कुणी सांगितलं नाही.

सावित्रम्मा : मला ठाऊक होतं. बांधताना शिडी मीच धरली होती. मठात तुम्ही बोललात तेव्हा शेजारच्या सतरंजीवरच होते मी. उठले नाही.

गोजाबाई : तुमी खाली बगत हुता, अव्वा. बगितलं मी.

वीरभद्रप्पा : सोमवारी काय बोलायचं, ते तुम्हीच सांगा, गोजाबाई.

गोजाबाई : माजं काय सांगायचं ते सांगा. पर ती पट्टी ऱ्हाऊ द्या झाडाला. आन रोज बेल वाहताना माज्या धन्याचं नाव घ्या. सांगोल्याचा सिद्धनाथ. त्येची तेवडी आटवण असू द्या.