पाटीमागचा स्क्रू

नाही, तुम्ही हसा हो, खुशाल हसा! तो दुकानदारही हसलाच की... पण आधी सगळं ऐकून घ्या आणि मग सांगा, पाटी उलटी करून स्क्रू शोधणारा माणूस वेडा असतो का? अहो, साधी पाटी घ्यायची होती! आमची ठकी, वय वर्षं तीन. भिंतीवर रेघोट्या, फ्रिजवर रेघोट्या, एकदा मला डुलकी लागली तर माझ्या टकलावर रेघोट्या! बायको म्हणाली, "ती पुसता येणारी पाटी मिळते ना, बटण दाबलं की सगळं साफ, ती आणा." आणली. कशी निवडली? रंग बघून! गुलाबी आहे ना, मग द्या बांधून!

तुम्हाला सांगतो, तीन दिवस घर कसं गप्पगार. चौथ्या दिवशी बायको कामावर गेलेली, मी आत दूध तापवतोय, आणि बाहेरची शांतता जरा जास्तच वाटायला लागली... येऊन बघतो तर पाटी पालथी, मागचं झाकण निघालेलं, आतली ती चपटी, बटणाएवढी बॅटरी गायब, आणि ठकी तोंड गच्च मिटून माझ्याकडे बघतेय! कसंबसं तोंड उघडलं... रिकामं! म्हणजे गिळली नाही, की गिळून झाली? "ठके, गिळलीस?" "हो." "नाही ना गिळलीस?" "नाही." आता काय समजायचं माणसानं?

दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ओकारी काढायला जाऊ नका, आहात तसे निघा! घशात अडकली तर ती आतून भाजत जाते, दोन तासांतसुद्धा..." पुढचं मला ऐकूच आलं नाही हो. एका पायात माझी चप्पल, एका पायात बायकोची, कडेवर पोर, टॅक्सीत बसलो तर सिग्नल लाल. पुढचा? तोही लाल! मी तिचा श्वास मोजतोय आणि ही खिडकीतून सगळ्यांना टाटा करतेय! अहो, साधी पाटी घ्यायची होती!

एक्स-रेवाला म्हणाला, "वरचे कपडे काढा." काढले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमचे नाही हो, मुलीचे!" मग तिचा फ्रॉक काढला. मला तो जडच्या जड एप्रन घातला, मी तिचे दोन्ही हात वर धरले... डॉक्टरबाई पडद्यासमोर उभ्या. मला तर तिथं जागोजागी बॅटऱ्याच दिसायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, "घसा मोकळा, पोट मोकळं. नाककानही बघितलेत. गिळलेली नाहीये." मी मटकन खाली बसलो आणि रडलो हो, चारचौघांत, भोकाड पसरून! ठकी माझे डोळे पुसत होती. एक्स-रेवाला हळूच म्हणाला, "आता तरी शर्ट घाला."

घरी आलो, बायको धावतपळत आलेली. दोघंही गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन... बॅटरी सापडली पायपुसण्याखाली! बायकोनं एकच विचारलं, "झाकणाला स्क्रू होता का?" काय सांगू? रंग बघून आणलेली!

म्हणून परवा पुन्हा गेलो दुकानात. पहिली पाटी उलटी केली, झाकण नखानं निघालं, नको. दुसरीला स्क्रू होता, पण पेनाचं टोपण तोंडात मावेल एवढंच, नको. तिसरीच्या कडा धारदार! अकरावी हातात घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, पाटी घेताय की विमान?" म्हटलं, "हसा... पण स्क्रू दाखवा!" तेरावी आणली. स्क्रू पक्का, कडा गोल, पेन जाड, बिनटोपणाचं. पहिलं चित्र ठकीनं माझंच काढलं. एक भलंमोठं उघडं तोंड आणि खाली दोन पाय. म्हटलं, "अगं, बाबाचं डोकं कुठाय?"

"बाबाला डोकं नाहीये."

मी पुसायचं बटण दाबणार, तेवढ्यात बायकोनं पाटी उचलून वर कपाटावर ठेवली. म्हणते, "हे चित्र पुसायचं नाही हं, हुबेहूब आलंय."